तोलेंतिनीतला जेरोम: आधी रेघा, मग रंग

व्हेनिसला उतरलं की बहुतेक जण सान मार्कोची बोट पकडतात. आम्ही दोघी बहिणी मात्र स्टेशनसमोरचा पूल ओलांडून तोलेंतिनीच्या चर्चकडे चालत निघालो. त्याच्या दर्शनी भागात १८४९ च्या ऑस्ट्रियन वेढ्यातला तोफगोळा अजून रुतलेला आहे. तोही मी परतताना पाहिला. मला आधी आतल्या चित्रातल्या संत जेरोमला भेटायचं होतं.

ओढ लागली होती ती पॅरिसमध्ये. तिथल्या एका अभ्यासिकेत फ्रेंच चित्रकार फ्रागोनारनं या चित्रावरून केलेलं एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेला छाप, हातात आलं, जेमतेम पोस्टकार्डाएवढं. १७६१ मध्ये, एकोणतीस वर्षांचा असताना, तो आबे द सँ-नाँ या कलाप्रेमी धर्मगुरूबरोबर रोमहून घरी निघाला आणि वाटेतल्या गावोगावची चित्रं काळ्या खडूनं टिपत गेला. पुढे पॅरिसला त्यातली काही एचिंगमध्ये आली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं तो खरवडायचा, मग पत्रा अम्लात बुडवायचा. सुई लागलेली तेवढीच जागा अम्ल खातं. त्या खाचांत शाई भरून छाप घेतला की रेघा उमटतात, बाकी कागद कोराच राहतो.

मूळ चित्र योहान लिस या जर्मन चित्रकाराचं, साधारण १६२७ चं, सव्वा दोन मीटर उंच. लिस १६३१ मध्ये गेला, ऐन उमेदीत. चर्चमधल्या अंधुक उजेडाला डोळे सरावायला वेळ लागला. मग हळूहळू म्हातारा जेरोम दिसू लागला. बायबल लॅटिनमध्ये आणणारा हा माणूस लिहिता लिहिता थांबलाय, उघड्या अंगानं वर बघतोय. आणि वर देवदूत, गुलाबी, निळे, ढगात विरघळत चाललेले.

"अगं, हे अजून ओलं वाटतंय!" ताई कुजबुजली.

खरंच तसंच वाटत होतं. लिसचा कुंचला कुठे कडा घट्ट करतच नाही. अशा चित्राची नक्कल सुईनं करायची, तीही रंगांवाचून, हे मला आधी अशक्यच वाटलं असतं. फ्रागोनारनं कडांच्या मागे लागणं सोडून दिलं. त्याची सुई थरथरत, तुटत, वळत जाते. जिथे लिसनं उजेड ओतलाय तिथे ती थांबते. त्या छापातला उजेड म्हणजे कोरा कागद. मला तर ही नक्कल वाटतच नाही. एका चित्रकारानं दुसऱ्याचं बोलणं नीट ऐकून घेतल्यासारखं वाटतं.

मी फोनमधला त्या छापाचा फोटो काढून ताईपुढे धरला. तिनं तो मोठा करून दाढीच्या रेघा पाहिल्या, देवदूतांमधली पांढरी जागा पाहिली, फोन मला परत दिला आणि पुन्हा वर बघत बसली.