अर्ध्या दिवसाचे नाशिक: आधी डोंगर, मग गंगा

नाशिकला येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांच्या हाताशी अर्धाच दिवस असतो. त्र्यंबकेश्वराचे दर्शन झालेले असते, दुसऱ्या दिवशी वणी किंवा शिर्डी गाठायची असते, आणि मधल्या सकाळी रिक्षा ठरवून पंचवटीतली आठ-दहा ठिकाणे एका दमात उरकली जातात. प्रत्येक ठिकाणी चपला काढायच्या, हात जोडायचे, फोटो काढायचा आणि पुन्हा रिक्षात बसायचे. अशा फेरीत देवळे पाहून होतात, पण हे गाव नेमके याच जागी का वसले आणि दोन हजार वर्षे नांदते का राहिले, याचा काहीच उलगडा होत नाही. म्हणून गेली काही वर्षे मी घरी येणाऱ्या नातेवाइकांना आणि मित्रांना एका माहितगार मार्गदर्शकाबरोबर वेगळ्या क्रमाने गाव दाखवतो. पहाटे पांडवलेण्यांचा डोंगर पायी चढायचा, आणि ऊन तापायच्या आत गोदाघाटावर उतरून पंचवटीत फेरी संपवायची. ठिकाणे मोजकी, पण एकातून दुसरे उमगत जाणारी.

हा क्रम उलटा करू नये, असे माझे ठाम मत आहे. एक तर दहानंतर त्या डोंगराचा काळा कातळ तापतो आणि चढण नकोशी होते. दुसरे असे की लेणी घाटावरच्या कोणत्याही देवळापेक्षा कितीतरी जुनी आहेत, आणि डोंगरावरून शहराची सगळी मांडणी नजरेत भरलेली असली की खाली नदीकाठी उभे राहिल्यावर आपण कुठे आहोत हे पक्के कळते.

पांडवलेण्यांचा डोंगर, म्हणजे लेण्यांमधल्या शिलालेखांतला त्रिरश्मी, शहराच्या मध्यापासून साधारण आठ किलोमीटरवर मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहे. आम्ही उजाडताना पायथ्याशी पोहोचतो, कारण लेण्यांकडे वळण्याआधी झाडीत तासभर रेंगाळता येते. आमचा मार्गदर्शक या तासात फार कमी बोलतो. तो सगळ्यांना एका जागी उभे करतो आणि आधी नुसते ऐकायला लावतो. तांबटाची एकसुरी ठोक, भारद्वाजाचा खोल हुंकार, बुलबुलांची बडबड आणि महामार्गावरच्या मालमोटारींची घरघर हे सगळे एकदमच कानावर येते, पण दहाएक मिनिटांत कान आवाज वेगळे करू लागतात. मग तो झाडे दाखवतो. नाशिकच्या आसपासच्या टेकड्यांवर एके काळी गिरिपुष्पाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली, कारण हे परदेशी झाड लवकर वाढते आणि गुरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. डोंगर हिरवा दिसू लागला, पण इथल्या किडामुंगीला आणि पाखरांना पळस, पांगारा, काटेसावर, खैर किंवा बोर यांच्याकडून जे मिळते ते या झाडाकडून मिळत नाही. फाल्गुनात फुललेल्या पळसाखाली पाच मिनिटे थांबावे आणि नंतर गिरिपुष्पाच्या दाटीत पाच मिनिटे थांबावे, म्हणजे व्याख्यानाची गरज उरत नाही. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी २०१५ पासून स्थानिक झाडांची देवराई वाढवायला घेतली, त्यामागचा विचारही इथेच नीट समजतो.

पायऱ्यांची चढण खडी असली तरी फार लांब नाही. सकाळी व्यायामासाठी चढणारे नाशिककर ती सहज पार करतात, आणि माझी सत्तरीतली आत्याही दोन ठिकाणी बसून वर आली. वर एकूण चोवीस लेणी आहेत. ती सगळी पाहण्याचा अट्टहास आम्ही करत नाही. तिसऱ्या, दहाव्या आणि अठराव्या लेण्यात वेळ द्यायचा, बाकीच्यांवरून नजर फिरवायची. अठरावे लेणे म्हणजे इथला एकमेव चैत्य, स्तूप असलेले प्रार्थनागृह. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागात तळाशी सहा धिप्पाड यक्ष कोरले आहेत आणि त्यांनी सगळा व्हरांडा पालखीसारखा खांद्यावर उचलून धरला आहे.

याच व्हरांड्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या या आईने, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्यवर्ष १९ मध्ये, हे लेणे बौद्ध भिक्षुसंघाला दान दिले आणि दानलेखात आपल्या मुलाची थोरवी कोरून ठेवली. तीन समुद्रांचे पाणी ज्याच्या वाहनांनी प्यायले, क्षहरातांचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या घराण्याचा, वंश ज्याने निःशेष केला, असे त्याचे वर्णन तिथे आहे. पाहुण्यांना पहिल्यांदा भिंत नुसती खडबडीत दिसते. मग मार्गदर्शक आपली बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरतो. प्रत्येक खोदरेघेच्या एका कडेला सावली पडते, आणि नुसत्या खडबडीत वाटलेल्या दगडावर ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहतात. अक्षराला बोट लावायचे नाही, ही त्याची अट आहे. ती योग्यच आहे, कारण लेण्यांच्या भिंतींवर आजच्या पर्यटकांनी कोरलेली नावे पाहिली की जीव तुटतो.

माझ्या मते या सगळ्या फेरीतला सर्वांत मोलाचा अर्धा तास दहाव्या लेण्यात जातो. हे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेले आहे, आणि त्याच्या लेखात चक्क एका ठेवीचा हिशेब आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. त्यांपैकी २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (अंगावरच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, ही पहिल्या रकमेची सोय. हिशेब करून पाहावा: २००० वर दरमहा २०, वर्षाला २४०, आणि वीस जणांना प्रत्येकी १२ म्हणजे बरोबर २४०. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्या मेहुण्यांनी हा गुणाकार तिथल्या तिथे केला आणि नंतर बराच वेळ ते त्या भिंतीसमोरून हलायला तयार नव्हते. ज्या गावात विणकरांच्या संघटना एवढ्या भरवशाच्या होत्या की राजघराण्यातला माणूस त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवत असे, ते गाव केवळ तीर्थक्षेत्र नव्हते. ते घाटमाथ्यावरचे, बंदरांकडे उतरणाऱ्या वाटांवरचे भरभराटीचे व्यापारी ठाणे होते. गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धन नावाचे गाव आजही आहे. याच उषवदाताने दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर लोकांना फुकट पार जाण्यासाठी होड्यांची सोय केल्याचेही त्याच्या लेखात नोंदलेले आहे.

बाहेर आल्यावर कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या दाखवायला मार्गदर्शक विसरत नाही. काळ्या बेसॉल्टमध्ये पाणी सहज मुरत नाही, म्हणून पावसाळ्यात कड्यावरून वाहणारे पाणी अडवून टाक्यांत साठवायचे, एवढ्या साध्या व्यवस्थेवर इथला संघ शतकानुशतके राहिला. टाक्यांच्या काठावरून समोर पाहिले की सगळे नाशिक पसरलेले दिसते. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला त्र्यंबकची डोंगररांग, म्हणजे गोदावरीचे उगमस्थान, उत्तरेला चामरलेणी आणि रामशेजचा किल्ला, आणि मधल्या दाट वस्तीतून नदीचा माग. आपण आता कुठे उतरणार आहोत हे बोटाने दाखवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

साडेनऊच्या आत डोंगर सोडावा, नाहीतर मुंबई नाका आणि द्वारका चौक इथेच सकाळ संपते. वाटेत काळ्या मसाल्याची मिसळ खावी, पण तिच्यासाठी रांगेत तासभर उभे राहू नये.

घाटाकडे आम्ही सराफ बाजाराच्या बाजूने, पेशवाईतल्या सरकारवाड्यावरून चालत उतरतो. जुने नाशिक गाडीतून दिसत नाही. बोळांमधून पायीच जावे, तांब्यापितळेच्या दुकानांसमोर थोडे थांबावे आणि अचानक उघड्या नदीपात्राशी यावे. नाशिककर गोदावरीला ‘गंगा’ म्हणतो आणि घाटावर जाणे म्हणजे ‘गंगेवर जाणे’. पात्रात उभा असलेला शेंदरी दुतोंड्या मारुती ही इथली पूरमापनाची खूण आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले ते वर्तमानपत्रात येते, पण गावात विचारले जाते ते एवढेच, की मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला? छातीला पाणी लागले म्हटल्यावर काठावरचे दुकानदार माल हलवायला लागतात. २००८, २०१६ आणि २०१९ चे महापूर इथे सगळ्यांच्या लक्षात आहेत.

जवळच नारोशंकराचे मंदिर आहे, १७४७ साली बांधलेले. त्याच्या दर्शनी भिंतीवरची प्रचंड घंटा १७३९ मधल्या चिमाजीअप्पांच्या वसईविजयाची आठवण आहे. मंदिराच्या शिखराचे आणि कोपऱ्यांतल्या छत्र्यांचे कोरीवकाम फार सुंदर आहे आणि ते पाहायला लोक थांबत नाहीत, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. हे वळण, इथे होणारे अस्थिविसर्जन, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि मार्गदर्शकाने तो तिथेच पायऱ्यांवर बसवून सांगावा. समोरच्या कपालेश्वराच्या मंदिरात महादेवासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग नंदीने दाखवला, म्हणून शंकराने इथे त्याला गुरू मानले, अशी कथा आहे. पण कथांबरोबर नदीची आजची अवस्थाही सांगायला हवी. या पात्रातल्या कुंडांच्या तळाशी जिवंत झरे होते, आणि सोयीसाठी तळावर काँक्रीट ओतले गेले तेव्हा ते झाकले गेले. ते काढावे म्हणून नाशिकमधल्या लोकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे. सकाळी डोंगरावर कातळातल्या टाक्या पाहून आलेल्या माणसाला हा प्रश्न एका वाक्यात समजतो. नुसते घाटावर आणून सोडलेल्या माणसाला तो सांगूनही पोहोचत नाही.

तिथून चालत काळाराम मंदिर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी उभारलेले हे देऊळ काळ्या दगडाचे आहे, आणि हा दगड रामशेजच्या बाजूने आणल्याचे सांगतात. देवळाची रेखीव उंची, प्रशस्त आवार, चारी बाजूंच्या ओवऱ्या हे सगळे निवांत पाहण्यासारखे आहे. मात्र या दारात उभे राहून जो मार्गदर्शक २ मार्च १९३० चा उल्लेख करत नाही, त्याने आपले काम अर्धवट टाकले असे मी मानतो. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही या बंद दारांसमोर येत राहिले, दगडधोंडे आणि लाठ्या सोसत राहिले, आणि हा लढा १९३५ पर्यंत चालला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. भिक्षुसंघाला दिलेली लेणी सकाळी पाहिलेली असतात, त्यांच्या पायथ्याशी उभा असलेला आजचा बुद्धविहारही पाहिलेला असतो. त्यामुळे एकाच सकाळी हे दोन टोकांचे नाशिक समोर येते, आणि माझ्या पाहुण्यांपैकी बरेच जण इथे मंदिराच्या भिंतीलगत बराच वेळ उभे राहतात, प्रश्न विचारतात.

शेवटी सीतागुंफेजवळचे वड. ज्यांच्यावरून पंचवटी हे नाव पडले त्या पाच वडांना तिथे क्रमांक दिलेले आहेत. गुंफेच्या रांगेत उभे राहण्याऐवजी मी पाहुण्यांना वडांखाली थांबायला सांगतो. फळांचा हंगाम असला तर पहाटे डोंगरावर ऐकलेला तांबट इथे, भर वस्तीत, वडाची लाल फळे खाताना दिसतो.

तपोवन, गंगापूर धरण, द्राक्षांचे मळे आणि त्र्यंबक यांसाठी वेगळा दिवस ठेवावा. त्यांतले एकही ठिकाण या फेरीत कोंबू नये. मार्गदर्शक ठरवताना त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: उषवदाताच्या ठेवीचा लेख तुम्ही भिंतीवर दाखवू शकाल का, आणि आम्हाला घाटावर किती वेळ पायी फिरवाल. कार्तिक ते फाल्गुन हा काळ सर्वांत सोयीचा. श्रावणात डोंगर अतिशय देखणा असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि धरणातून विसर्ग सुरू असला तर घाटावर उतरू देत नाहीत. अशा वेळी फेरीचा नदीकाठचा भाग होळकर पुलावरून पाहावा, आणि वाचलेला वेळ काळाराम मंदिरात द्यावा.