लिंबाखालचा डाव
एसटीतून निवृत्त झालो तेव्हा परभणीतले पाहुणे म्हणाले, आता तीर्थयात्रा करा. मी बुद्धिबळाचा पट काढला. रोज ५ वाजता लिंबाखाली मी आणि शेजारचे मास्तर. मास्तर अजून देशी नियमानं खेळतात: शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची उडी. राजाला हत्तीआड नेणाऱ्या माझ्या किल्लेकोटाला ते पळपुटेपणा म्हणतात! काल वजीर फुकट घालवला. चष्मा घरी राहिला म्हणून सांगितलं (होता डोळ्यावरच). "काय करायलाव ओ?" मास्तर हसले. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तवापासून नातही पटावर बसायली. मला १३ चालींत मात देऊन विचारते, "आबा, अजून एक डाव?" मांड की!