दाण्यातले लोह आणि अंगी लागणारे लोह

100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट, हे वाक्य भरड धान्यांवरील बहुतेक लेखांत असतेच. आकडा खरा आहे, पण तो दाण्यातला आहे. त्यातले किती अंगी लागते, हे ठरवणारा मुख्य घटक म्हणजे फायटिक आम्ल, आणि त्याचा मात्र त्या लेखांत उल्लेखही नसतो.

अंकुराला पुढे लागणारा फॉस्फरस दाणा याच रूपात साठवून ठेवतो. या रेणूवरील सहा फॉस्फेट गट लोह, जस्त व कॅल्शियम यांना धरून ठेवतात, आणि तयार होणारी संयुगे आतड्यात विरघळत नाहीत. ती फोडणारे फायटेज हे विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नगण्य असते. शिवाय फायटेट, म्हणजे दाण्यातले हेच क्षाररूपातले फायटिक आम्ल, निम्मे केले की लोहाचे शोषण दुप्पट होते, असेही नाही. फायटेट व लोह यांचे रेणुप्रमाण (कणांच्या संख्येचे गुणोत्तर) 1 च्या, शक्यतो 0.4 च्या खाली आल्यावरच ठळक फरक पडतो.

धान्यात स्वतःचे फायटेज असते. भिजवल्यावर ते कामाला लागते, मोड येताना वाढते आणि पीठ आंबून किंचित आम्लधर्मी झाले की त्याला आणखी जोर येतो. क्रम मात्र महत्त्वाचा. धान्य आधी खमंग भाजून मग भिजवले, तर विकर उष्णतेने निकामी झालेले असते आणि फायटेट बव्हंशी तसेच राहते, कारण ते स्वतः उष्णतेला दाद देत नाही.

कोंडा काढून टाकण्याचा सल्ला मला अर्धवट वाटतो, कारण बाजरीच्या बाहेरील थरांत आणि अंकुरात फायटेटबरोबर लोहही असते. नाचणीच्या तपकिरी सालीतील टॅनिनही लोह बांधते, आणि पांढऱ्या वाणांत ते बरेच कमी असते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर लोह विरघळलेल्या रूपात टिकते. जेवणाबरोबरचा चहा नेमके उलटे करतो.

ज्यांचा आहार विविध आहे त्यांनी याची फार चिंता करू नये. खरा प्रश्न एकाच धान्याच्या लापशीवर वाढणाऱ्या बाळांचा आहे. त्यांच्यासाठी मोड आणून, वाळवून, मगच भाजलेले पीठ मला सर्वांत योग्य वाटते. मोड येताना पिष्ट फोडणारे अमायलेज हे विकरही तयार होते, त्यामुळे लापशी घट्ट न होता तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते.