गुडघ्याने भरलेली पाकळी

ब्लाउजवर भरतकाम करणाऱ्या कारखान्यात आज बराच वेळ बसले. तिथल्या झिगझॅग मशीनला कापड पुढे सरकवणारे दातेच नाहीत, दाबणारा फूटही काढलेला. रिंगमध्ये ताणलेलं कापड कारागीर दोन्ही हातांनी फिरवतात, पायाने वेग सांभाळतात आणि टाक्याची रुंदी चक्क उजव्या गुडघ्याने! टेबलाखालची पट्टी गुडघ्याने जितकी ढकलाल तितकी सुई डावी-उजवीकडे जास्त झुलते. पाकळीचं टोक आलं की गुडघा हळूच सैल, मध्यावर पुन्हा जोर. डिझाइन आधी कुठेही साठवलेलं नसतं.

तिथल्या एका काकांनी मशीनचं झाकण उघडून आतलं दाखवलं. सुईची दांडी एका झुलत्या चौकटीत बसवलेली. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, म्हणून झुलवणारा भाग मुख्य शाफ्टच्या अर्ध्या वेगाने फिरतो. शिवाय सुई कापडाबाहेर असतानाच सरकली पाहिजे, नाहीतर वाकेल किंवा तुटेल. खालच्या हुकचं काम मला सगळ्यात अवघड वाटलं. सुईच्या झोक्याच्या एका टोकाच्या टाक्याला तो लवकर पोहोचतो, दुसऱ्या टोकाला उशिरा, तरी दोन्हीकडे दोऱ्याचा फास पकडायचाच. टायमिंग जरा हललं की रुंद टाके सुटू लागतात.

कॉम्प्युटरवाल्या मशीन एकसारखी शंभर फुलं काढतात, त्यांची गरज आहेच. पण या कामाची मजुरी ‘मशीनचं काम’ म्हणून कमी धरली जाते, ते मला अजिबात पटत नाही. काका म्हणाले, "ताई, हात महिन्यात बसतो, गुडघ्याला वर्ष लागतं."