‘आम्हाला काय, काहीही चालेल’: आईबाबांबरोबर कॅरिबियन बेटांवरच्या सहली निवडताना

डिसेंबरात आईबाबा सांगलीहून न्यू जर्सीला आमच्याकडे आले, तेव्हा जानेवारीतल्या क्रूझची तिकिटे काढून झाली होती आणि प्रत्येक बेटावर उतरल्यानंतर दिवस कसा घालवायचा एवढेच ठरवायचे राहिले होते. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, सहलींची छायाचित्रे एकेक करून दाखवली आणि यातले काय बघायला आवडेल असे विचारले. बाबा म्हणाले, ‘‘तू ठरव.’’ आई म्हणाली, ‘‘आम्हाला काय, काहीही चालेल.’’

हे वाक्य मी लहानपणापासून हॉटेलात, कापडाच्या दुकानात आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातही ऐकत आले आहे. त्याचा अर्थ खरोखर काहीही चालेल असा नसून ‘आमच्यामुळे तुझी अडचण व्हायला नको’ असा असतो. म्हणून मी छायाचित्रे बाजूला ठेवली आणि वेगळेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती वेळ एका जागी बसलीस की गुडघा आखडतो? जिना चढताना जास्त दुखते की उतरताना? दुपारच्या जेवणाला किती उशीर झालेला बाबांना सोसतो? या प्रश्नांना मात्र दोघांकडे अगदी नेमकी उत्तरे होती. आईच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि उजवा तसाच आहे. सपाट रस्त्यावर ती वीस मिनिटे चालते, मग तिला टेकायला जागा लागते, आणि पायऱ्या ती कठड्याला धरून चढते, पण उतरणे तिला अवघड जाते. बाबांना मधुमेह आहे. त्यांचे जेवण एक वाजता झाले नाही तर ते गप्प होतात आणि काय होते आहे ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

खरे सांगायचे तर सहलींची निवड आम्ही क्रूझचा मार्ग ठरवला त्याच दिवशी सुरू झाली होती. पश्चिम कॅरिबियनच्या मार्गांवर ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी ही ठिकाणे वारंवार येतात, आणि तिथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही; ते समुद्रात नांगर टाकून उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. लाटा असतील तर जहाजाचा दरवाजा आणि टेंडर एकाच वेळी वरखाली होत असतात, आणि खलाशी कितीही दक्ष असले तरी पाऊल टाकण्याचा तो क्षण दुखऱ्या गुडघ्यासाठी वाईटच असतो. समुद्र जास्त खवळलेला असेल तर बंदरच रद्द होते. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला जहाज थेट धक्क्याला लागते, पण तुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष बघायचे तर मुख्य भूमीवर जायला सुमारे पाऊण तासाची फेरी, मग बसचा प्रवास आणि तिथे पोचल्यावर जवळपास सावली नसलेले आवार, असा अख्खा दिवस जातो.

त्यामुळे आम्ही अमेरिकेच्याच ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या सान हुआनहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ घेतली: सेंट थॉमस, सेंट किट्स, अँटिग्वा, सेंट लुशिया आणि बार्बाडोस. या पाचही ठिकाणी जहाज धक्क्याला लागते. सान हुआनचे विमान अमेरिकेतल्या अमेरिकेतच उडते आणि या सर्व बेटांचे घड्याळ वर्षभर एकच असते, त्यामुळे जहाजाची वेळ आणि बेटावरची वेळ यांत गोंधळ होत नाही. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या आईवडिलांचा अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे मात्र तिकीट काढण्याआधी पाहावे, कारण सान हुआनला परत येणे म्हणजे अमेरिकेत पुन्हा प्रवेश करणे असते. त्याचप्रमाणे प्रत्येक बेटाचा नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घ्यावा.

सहलींच्या वर्णनात चालण्याचे प्रमाण सोपे, मध्यम किंवा कठीण असे दाखवलेले असते, पण त्यावर विसंबून राहू नये असे माझे ठाम मत झाले आहे. ‘सोपे’ हा शब्द फक्त चालण्याबद्दल असतो. बस किती तास आणि कशा रस्त्याने जाते, तिची पहिली पायरी किती उंच आहे, स्वच्छतागृह किती वेळाने मिळेल, जेवण कधी आहे, हे त्यात येत नाही. चार तासांच्या सहलीत जहाजावरच्या प्रेक्षागृहात जमणे, रांगेने उतरणे आणि धक्क्यावर बसची वाट बघणेही धरलेले असू शकते, आणि तो वेळ बहुधा उभ्याने जातो. मी या सगळ्या गोष्टी फोन करून विचारल्या. दोन ठिकाणी समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्या सहली मी यादीतून काढून टाकल्या.

क्रूझ कंपनीची सहल घ्यावी की आपली आपण टॅक्सी करावी, याबद्दल पुष्कळ चर्चा होते. कंपनीच्या सहलीला परतायला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. टॅक्सीत मात्र आई म्हणेल तिथे थांबता येते आणि नको असेल तेव्हा मागे फिरता येते. लांबच्या आणि एकाच रस्त्याने जाता येणाऱ्या ठिकाणी कंपनीची सहल आणि जवळच्या ठिकाणी टॅक्सी, असे आम्ही ठरवले.

सेंट थॉमसला फार काही योजलेच नव्हते. तिथल्या ‘सफारी’ नावाच्या उघड्या गाड्या दिसायला आनंदी असतात, पण त्यांत चढायची पायरी आईच्या गुडघ्याच्या वर येत होती, म्हणून आम्ही बंद व्हॅन केली आणि डोंगरावरून बंदर बघून आलो. शार्लट अमाली या तिथल्या राजधानीत डेन्मार्कच्या राजवटीत, जहाजांना वजन म्हणून भरून आणलेल्या विटांनी बांधलेला ‘९९ स्टेप्स’ नावाचा एक प्रसिद्ध जिना आहे. नावात ९९ असले तरी त्याच्या पायऱ्या १०३ आहेत. आईने तो खालूनच बघितला.

सेंट किट्सची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सविस्तर सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. या बेटावर तीनशेहून अधिक वर्षे ऊस पिकत होता. आधी प्रत्येक मळ्याचे स्वतःचे गुऱ्हाळ असे, आणि तिथले सारे कष्ट आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर चालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बासटेअर या राजधानीत एक मध्यवर्ती साखर कारखाना उभा राहिला आणि त्याला ऊस पुरवण्यासाठी १९१२ ते १९२६ या काळात बेटाच्या कडेने अरुंद रुळांची रेल्वे टाकण्यात आली. २००५ मध्ये हा उद्योग कायमचा बंद झाला. त्याच रुळांवरून आता प्रवाशांची गाडी चालते: १८ मैल रेल्वेने आणि उरलेले १२ मैल बसने, अशी सुमारे तीन तासांची बेटाभोवतीची फेरी.

माझे बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झाले. उसाच्या नोंदी, तोडणीच्या पाळ्या, काट्यावर रात्रभर उभ्या असलेल्या बैलगाड्या, हंगाम संपताना कामगारांचे हिशेब, यांत त्यांचे आयुष्य गेले आहे. किल्ला, समुद्रकिनारा आणि ही रेल्वे असे तीन पर्याय मी वाचून दाखवले, तेव्हा पहिल्या दोनांना त्यांनी नुसतीच मान हलवली आणि तिसऱ्याला विचारले, ‘‘रूळ केवढा आहे?’’ मी शोधून सांगितले, अडीच फूट. त्यावर ते म्हणाले, ‘‘म्हणजे बार्शी लाईटएवढा.’’ मिरजेहून पंढरपूरला ते लहानपणी आजीबरोबर ज्या गाडीने जात, त्या गाडीचा रूळही अडीच फुटांचाच होता. संपूर्ण क्रूझबद्दल त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि मला त्याच क्षणी निवड झाल्यासारखे वाटले.

गाडीचे डबे दुमजली आहेत. खाली वातानुकूलित कक्ष आणि वर छपराचा पण चारही बाजूंनी मोकळा सज्जा असतो. आई खालीच बसली, पाय पसरून, खिडकीशी. बाबा कठड्याला धरून हळूहळू वर गेले आणि शेवटपर्यंत वरच राहिले. गाडी अगदी सावकाश चालते, दऱ्यांवरच्या जुन्या लोखंडी पुलांवरून जाताना करकरते. एका बाजूला अटलांटिक समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ढगांत डोके घातलेला लिआमुइगा हा ज्वालामुखीचा डोंगर दिसत राहतो. मधूनमधून पडक्या गुऱ्हाळांची धुराडी उभी आहेत, आणि कोणीही न लावलेला ऊस रानटी गवतासारखा अजून उगवतो आहे. बाकीचे प्रवासी समुद्राकडे बघत होते. बाबा उसाकडे बघत होते. ‘‘वीस वर्षे कोणी खोडवा बघितलेला नाही,’’ ते म्हणाले. डब्यात गाणी म्हणायला आलेल्या बायकांपैकी एकीने, ते एवढे काय बघत आहेत असे मला विचारले. मी बाबांच्या नोकरीबद्दल सांगितल्यावर, तिचे वडीलही याच उसात कामाला होते असे ती म्हणाली. मग त्या दोघांच्या मध्ये मी दुभाषी झाले. कामगारांना टनावर मजुरी होती की दिवसावर, कारखाना बंद झाल्यावर त्यांचे काय झाले, असे बाबांचे प्रश्न होते, आणि ती उभ्या उभ्या, गाणे थांबवून, त्यांची उत्तरे देत होती. ब्रिमस्टोन हिलचा किल्ला जागतिक वारसा स्थळ आहे आणि तो बघायला हवा असे सगळे सांगतात, पण वाहनतळापासून वरच्या बुरुजापर्यंतची चढण आईला जमणारी नव्हती. आम्ही तो परतीच्या बसमधून पाहिला आणि त्याची मला खंत वाटली नाही.

अँटिग्वात टॅक्सी करून नेल्सन्स डॉकयार्डला गेलो. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराची जहाजे जिथे दुरुस्तीला येत, ती ही गोदी आहे. जमीन सपाट, झाडांची सावली भरपूर आणि बसायला बाके जागोजागी. ज्येष्ठांसाठी याहून सोयीची जागा आम्हाला या मार्गावर मिळाली नाही.

सेंट लुशियाला माझी चूक झाली. जहाज लागते त्या कास्त्रीजपासून ज्वालामुखीजवळच्या सुफ्रिएर गावाचे अंतर नकाशावर थोडे दिसते, पण रस्ता डोंगरातून वळणे घेत जातो आणि एका बाजूलाच तासाहून अधिक वेळ लागतो. वर्णनात ‘सोपे’ असे लिहिले होते, चालायचे खरोखरच फार नव्हते, आणि बसच्या रस्त्याचा प्रश्न मी इतर सगळ्या सहलींसाठी विचारला होता, तो नेमका इथे विचारला नाही. अर्ध्या वाटेत आईला उलटी झाली. पिटॉन्सची दोन शिखरे समोर आली तेव्हा ती डोळे मिटून बसली होती, आणि गंधकाच्या झऱ्यांपाशी उकळत्या चिखलाचा कुजक्या अंड्यांसारखा वास आल्यावर ती बसमधून उतरलीच नाही. जेवण दोन वाजून गेले तरी मिळाले नव्हते आणि बाबांचे हात थरथरू लागले. पिशवीत राजगिऱ्याच्या लाडवांची बंद पाकिटे होती म्हणून निभावले. जहाजावरची फळे किंवा शिजवलेले पदार्थ बेटांवर न्यायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. घरून आणलेले पाकीटबंद खाणे जवळ ठेवावे, हे मी ज्यांचे आईवडील मधुमेही आहेत त्या प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

रात्री केबिनमध्ये मी आईला विचारले की घाटात तुला त्रास होतो हे आधी का सांगितले नाहीस. ती म्हणाली, ‘‘तू एवढे पैसे भरले होतेस. आणि बाबांना ज्वालामुखी बघायचा होता.’’ बाबा पलीकडून म्हणाले, ‘‘मला कुठे बघायचा होता? मला वाटले तुला बघायचा आहे.’’ त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी बार्बाडोसच्या सहलीचे वर्णन अक्षरशः ओळीने वाचून दाखवले: हॅरिसन्स केव्ह, चुनखडीची गुहा, दरीच्या तळाशी लिफ्टने उतरणे, आत विजेवर चालणारी ट्राम. आईने सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, ‘‘मी नाही येणार. मला उद्या बोटीवरच राहायचे आहे.’’

तिच्या तिकिटाची रद्द करण्याची मुदत संपून गेली होती, त्यामुळे ते पैसे परत मिळाले नाहीत, आणि मला त्याचे काहीही वाटले नाही. बाबा आणि मी गुहा बघून आलो. छतापासून लोंबणारे चुन्याचे स्तंभ आणि खालचे निळसर पाणी त्यांनी ट्राममध्ये बसून, पाऊल न दुखवता पाहिले. आम्ही परतलो तेव्हा आई वरच्या डेकवर सावलीत आरामखुर्चीत होती. बहुतेक प्रवासी बेटावर गेलेले असल्याने आजूबाजूला शांतता होती. बाबा तिला गुहेबद्दल सांगू लागले. तिने ते पूर्ण होऊ दिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘परवा विमानतळावर माझ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेव.’’ नेवार्कहून निघताना तीच व्हीलचेअर तिने, लोक काय म्हणतील म्हणून, नाकारली होती.