पोट्टी पळाली नव्हती

हे लिहू की नको यातच तीन महिने गेले. मुलीचं नाव, वस्ती, शाळा काहीच सांगणार नाही, कायद्यानेही सांगता येत नाही आणि तसंही मला सांगायचं नाही. एवढंच की आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची ती भाची, वय सोळा, आणि मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती घरी आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटता लाटता मावशी मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, पोट्टी रातभर घरी नाही आली." मी विचारलं तक्रार दिली का, तर रात्रीच जाऊन आले होते म्हणे, तिथे सांगितलं की पळाली असेल कोणासोबत, दोन-चार दिवस वाट पाहा, येते वापस. आणि घरचे लोकही तेच धरून बसले होते, कारण बोभाटा झाला तर उद्या तिच्याशी लग्न कोण करील बाप्पा.

हा "पळाली" शब्द मला आता ऐकवत नाही. तो एकदा कोणाच्या तोंडून निघाला की सगळ्यांची सुटका होते, पोलिसांना शोधायचं नाही, बापाला विचारायचं नाही, वस्तीला आठवायचं नाही की शेवटचं कोणासोबत पाहिलं. चूक पूर्ण तिची.

मी ऑफिसला सुट्टी सांगितली आणि मुलीची आई, मावशी आणि मी अशा तिघी परत पोलीस ठाण्यात गेलो. मला त्या आधीच्या तासाभरात फोनवर शोधून एवढंच कळलं होतं की १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या केसमध्ये सांगून ठेवलंय, अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून एफआयआर घ्यायचाच, चार दिवस थांबा वगैरे काही नाही. तेवढं एकच वाक्य मी वेगवेगळ्या टेबलांवर म्हणत राहिले. "मॅडम, आम्ही रोज पाहतो अशा केसेस," असं उत्तर मिळालं. तिची आई सगळा वेळ बाकावर बसून मुलीचा शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, काढायची, परत घालायची. संध्याकाळी सहाला गुन्हा नोंदला गेला, भारतीय न्याय संहितेचं कलम १३७, अपहरण. तो दाखला नसता तर वय सिद्ध करायलाच अजून दोन दिवस गेले असते.

मग हळूहळू कळलं ते असं. वस्तीतलीच एक बाई, सगळे तिला काकू म्हणतात, मुलींना लॉनवर केटरिंगच्या कामाला न्यायची. लग्नाचा सीझन, एका संध्याकाळचे ४०० रुपये, जेवण वेगळं. ही पण जायची, घरी पैसे द्यायची, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं. काकूने तिला जुना मोबाईल दिला, दोन ड्रेस दिले, आणि दिवाळीनंतर एक स्थळ सांगितलं. राजस्थानकडचं, शेतीवाडीवालं, हुंडा नको, लग्नाचा खर्च तेच करतील, वरून आईच्या हातावर काही ठेवतील. आई नाही म्हणाली, दहावी होऊ दे म्हणाली. काकूने आईला सोडून पोरीलाच धरलं. आधारच्या झेरॉक्सवर जन्मसाल बदललं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलं, सोबत एक "मामा".

मला आधी कळेचना की एवढ्या दूर नागपूरच्या पोरी कशाला पाहिजेत. मग २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहिले. शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे हरियाणात ८३४ मुली, राजस्थानात ८८८. जिथे पोरी जन्मूच दिल्या नाहीत तिथे आता त्या विकत आणून राहिले. आणि आपण फार वेगळे आहोत असं नाही, महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता.

नागपुरात मानवी तस्करी म्हटलं की लोक फक्त गंगा जमुना या वेश्यावस्तीचं नाव घेतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी ती वस्ती सील केली, बॅरिकेड लागले, तिथल्या बायांनी मोर्चे काढले, शहरात महिनाभर तोच विषय होता. तिथे फसवून आणलेल्या मुली नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण आमची पोर त्या गल्लीच्या जवळूनही गेली नाही, तिला तर नवरी म्हणून नेलं, हातावर मेंदी काढून.

एकोणिसाव्या दिवशी मावशींना अनोळखी नंबरवरून फोन आला, जेमतेम अर्धा मिनिट. "मावशे, मला घ्यायला ये." बस. मावशी फोन तसाच कानाला लावून उभ्या, कट झाल्यावरही. त्या नंबरवरून गाव सापडलं. इथे एक गोष्ट मनापासून सांगते, मानवी तस्करीविरोधी पथकाची जी टीम गेली त्यांनी चांगलं काम केलं, त्यातल्या महिला शिपायाने परतीच्या पूर्ण प्रवासात पोरीला एक प्रश्न विचारला नाही, फक्त स्वतःची शाल दिली. नियमाने चार महिने मूल सापडलं नाही की तपास या पथकाकडे जातो. आमचं नशीब की ते आधीच मदतीला आले. चार महिन्यांनी काय सापडलं असतं, हा विचार मी करू शकत नाही.

दिल्लीत काहीच होत नाही असं नाही. २०१९ पासून एनआयएला, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेला, तस्करीचे गुन्हे तपासता येतात, निर्भया फंडातून जिल्ह्याजिल्ह्यात पथकं उभी करायला पैसे आले, २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने तस्करी रोखायला ऑपरेशन आहट सुरू केलं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई दोन्ही लाइनी आपल्याच स्टेशनवर एकमेकींना कापतात, म्हणजे नागपुरात नजर ठेवली तर किती मुलं वाचतील विचार करा. पण आमची पोर ट्रॅव्हल्सने गेली, आणि रात्री निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये कोण कोणासोबत बसलंय हे कोणी विचारत नाही. आणि पूर्ण कायदा, ज्यात सुटकेनंतरचं पुनर्वसनही आहे, तो २०१८ मध्ये लोकसभेत पास झाला, राज्यसभेत गेलाच नाही आणि २०१९ ला लोकसभेसोबत संपला. २०२१ चा नवा मसुदा संसदेत मांडलाच गेला नाही. याचा मला खरंच राग येतो.

२०२२ मध्ये सगळ्या देशात तस्करीचे गुन्हे नोंदले गेले २,२५०. पीडित ६,०३६, त्यातली २,८७८ मुलं. एवढ्या मोठ्या देशात एवढेच? माझं मत विचाराल तर बाकीच्या सगळ्या "पळाली"च्या रकान्यात पडून आहेत.

आल्यावर तिला बालकल्याण समितीपुढे नेलं, काही दिवस बालगृहात ठेवलं, मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला. नंतर अपहरणासोबत कलम १४३ लागलं, तस्करीचं. त्यात स्पष्ट लिहिलंय की पीडितेची संमती होती का नव्हती याला काही अर्थ नाही, आणि अल्पवयीन असेल तर शिक्षा दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. तरी समोरच्या वकिलाचं पहिलं वाक्य काय होतं? ती स्वतःहून गेली.

वस्तीतही तेच. काकू जामिनावर सुटून आली, त्याच दुकानातून दूध नेते, लोक तिच्याशी बोलतात. पोरीशी नाही बोलत. तिच्या आईला नळावर एकीने विचारलं, "तुह्यी पोट्टी पळाली होती ना वो?" आई काही बोलली नाही. मावशी बोलल्या, जोरात, पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं, "पळाली नव्हती. विकली होती."

शाळेत परत जायला ती तयार नाही, म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरलाय, दहावी बाहेरून देणार. दुपारी आमच्याकडे येते, मावशी भाजी चिरतात आणि ही डायनिंग टेबलवर बीजगणित घेऊन बसते. दाराची बेल वाजली की अजून दचकते. पुढची तारीख मंगळवारची आहे, मी सुट्टी टाकली आहे.