डंबेलच्या दोन डोक्यांचं वेगवेगळं वजन

पेनसिल्व्हेनियात मी ज्या मशीन शॉपमध्ये काम करतो, तिथून यॉर्क शहर गाडीने फार लांब नाही. त्यामुळे जुनं व्यायामाचं लोखंड आमच्या दारात येणं नवीन नाही. कुणाच्या बारचा कॉलर अडकलेला असतो, कुणाला वाकलेला दांडा सरळ करून हवा असतो. बॉब हॉफमन यांनी 1932 मध्ये यॉर्क बारबेल ही कंपनी सुरू केली. तिथल्या प्लेटा आणि डंबेल या भागातल्या तळघरांतून, गॅरेजांतून अजून निघत असतात. आजोबा गेले, घर विकायला काढलं, की तळघरातून पहिल्यांदा ते लोखंड वर येतं.

त्या सकाळी पिकअपमधून एक पन्नाशीचा माणूस उतरला. त्याच्याकडे 100 पौंडी डंबेलचे तीन नग होते. दोन यॉर्कचे, एकाच जोडीतले. तिसरा बिननावाचा, अंगावर फक्त 100 आकडा, वर जाड काळा चकचकीत रंग. तिन्हींची डोकी कापून हवी होती. सहा डोक्यांतलं सगळ्यात जड कोणतं ते त्याला हवं होतं, बाकीची तो सराव करणाऱ्या मित्रांना देणार होता.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पकडीची ताकद कमावणाऱ्यांमध्ये यॉर्कच्या जुन्या 100 पौंडी डंबेलच्या एका डोक्याला मोठा मान आहे. दांड्यापासून वेगळं केलेलं ते डोकं साधारण 50 पौंडांचं, म्हणजे 22 किलोंहून थोडं जास्त. त्याला ‘ब्लॉब’ म्हणतात. त्याला धरायला मूठ नाही, कडी नाही. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं, आणि नुसत्या चिमटीत ते जमिनीवरून उचलायचं. साउथ कॅरोलायनाचे रिचर्ड सोरिन यांनी ही उचल प्रसिद्ध केली. 1991 मध्ये ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’चा तीन नंबरचा ग्रिपर, म्हणजे मुठीत दाबून मिटवायचा स्प्रिंगचा चिमटा, पहिल्यांदा पूर्ण मिटवणारे म्हणूनही या क्षेत्रात त्यांचं नाव घेतात. शंभर किलोंचा बार जमिनीवरून सहज उचलणारे धट्टेकट्टे लोक या बिडाच्या गोळ्यापुढे हात टेकतात, कारण हात एवढा उघडला की बोटांची ओढ कमी होते आणि सगळा भार अंगठ्यावर येतो.

आमच्या गिऱ्हाइकाने साडेएकोणपन्नास पौंडांचं एक डोकं उचललं होतं. आता त्याला त्याच्यावरचं हवं होतं. मला ती ओढ समजते. उचललेल्या वजनाकडे माणूस फार दिवस बघत बसत नाही. पण ती यॉर्कची जोडी मी हातात घेऊन फिरवून पाहिली तेव्हा ती कापायला माझं मन तयार होईना. दोन्ही दांडे सरळ, अक्षरांच्या कडा शाबूत, मूळचा रंग बऱ्यापैकी टिकलेला. असा जुळलेला जोड एकदा कापला की तो जोड उरत नाही. माझं ठाम मत आहे की डोकं हवं असेल तर ज्याचा दांडा वाकलाय किंवा ज्याचं एक डोकं आधीच सुटलंय असा डंबेल शोधावा. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं आणि विचारलं, कापण्याआधी वजन करू या का?

तो म्हणाला, “सगळ्यावर 100 लिहिलंय की.”

बिडाच्या ओतकामात लिहिलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा क्वचितच जुळतो. साचा वाळूचा असतो. वाळू किती घट्ट ठोकली आहे, साच्याचे दोन भाग किती नेमके बसले आहेत, ओतताना बीड किती तापलेलं होतं, यावर वजन एखाद-दोन टक्के सहज हलतं. 100 पौंडांवर दोन टक्के म्हणजे दोन पौंड. चिमटीच्या उचलीत दोन पौंड म्हणजे कित्येक महिन्यांची मेहनत असू शकते.

तिन्ही काट्यावर ठेवले. यॉर्कचा एक 101.3 पौंड, दुसरा 102.6. बिननावाचा 97.2.

एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. त्याला डंबेलचं वजन नको होतं, डोक्याचं हवं होतं, आणि दोन्ही डोकी सारखीच असतील असं मानायला काही आधार नव्हता. न कापता एका डोक्याचं वजन काढायचं तर डंबेल आडवा ठेवायचा, एका डोक्याच्या मध्याखाली धारेचा टेकू काट्यावर, दुसऱ्या डोक्याच्या मध्याखाली तसाच टेकू लाकडी ठोकळ्यावर, आणि दांडा पाणसळीने सपाट करायचा. मग काट्यावर जे येतं ते त्या बाजूचं डोकं आणि अर्धा दांडा. डंबेल उलटा फिरवून दुसऱ्या डोक्याचंही तसंच घ्यायचं. दोन्ही आकड्यांची बेरीज आधीच्या एकूण वजनाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर टेकू हलला आहे. टेकू नेमका मध्याखाली असणं फार महत्त्वाचं. डोक्यांच्या मध्यांत 25 सेंटिमीटर अंतर असेल आणि टेकू 2 मिलिमीटर सरकला तरी 50 पौंडांवर जवळजवळ अर्ध्या पौंडाची चूक येते. म्हणून मी आधी दोन्ही डोक्यांचे मध्य कॅलिपरने काढून खडूने खुणा केल्या. या खुणा करायला लागलेला वेळ प्रत्यक्ष वजन करण्यापेक्षा जास्त होता, आणि तो तेवढा लागतोच.

अर्ध्या दांड्यासकट आकडे असे आले. यॉर्कचा पहिला: 50.8 आणि 50.5. दुसरा: 51.9 आणि 50.7. सहा डोक्यांतलं सगळ्यात जड डोकं त्या शाबूत जोडीतच होतं. त्याचा चेहरा उजळला, माझा पडला.

मग बिननावाचा घेतला. 49.4 आणि 47.8.

हा फरक मला खटकला. यॉर्कच्या दुसऱ्या डंबेलमध्येही सव्वा पौंडाचा फरक होता, पण तिथे जड डोकं मापातही किंचित मोठं भरत होतं, म्हणजे हिशोब लागत होता. इथे मी दोन्ही डोकी सगळ्या बाजूंनी मोजली आणि मापं सारखी आली. बाहेरून आकार तोच, वजन मात्र 1.6 पौंडांनी कमी. म्हणजे 0.73 किलो. बिडाची घनता घन सेंटिमीटरला साधारण 7.2 ग्रॅम. भागाकार केला तर सुमारे 100 घन सेंटिमीटर बीड त्या डोक्यात असायला हवं होतं आणि नव्हतं. मी त्याला म्हटलं, हे डोकं आतून पोकळ असणार.

पोकळी येते कशी, हेही त्याला सांगितलं. हा डंबेल दांड्यासकट एकसंध ओतलेला होता. पातळ दांडा लवकर थिजतो, जाडजूड डोकं उशिरा. थिजताना धातू आकसतो आणि त्याला आणखी पातळ रस लागतो, पण तोवर दांड्याची वाट बंद झालेली असते. करड्या बिडात थिजताना ग्रॅफाइट वेगळं होऊन थोडं फुगतं, त्यामुळे हे आकसणं बरंच भरून निघतं, पण दर वेळी पूर्ण नाही. जी जागा सगळ्यात शेवटी थिजते तिथे पोकळी राहते, आणि अशा ओतकामात ती जागा बहुधा डोक्याच्या आत, दांड्याच्या मुळाजवळ असते.

त्याने ठरवलं, हाच कापा. मीही त्याला लगेच होकार दिला.

जुन्या रंगावर काम करण्याआधी आम्ही शिशाची चाचणी करतोच. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर 1978 मध्ये बंदी आली, त्याआधीच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. चाचणीची काडी लाल झाली नाही. मग डंबेल बँडसॉवर बांधला. बीड कोरडंच कापतो. त्यातलं ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं, भुगा काळ्या पिठासारखा पडतो, आणि तो उडू नये म्हणून व्हॅक्यूमचं तोंड पात्याशी लावून ठेवावं लागतं. ओतकामाचं वरचं कातडं कडक असतं, वाळूचे कण त्यात अडकलेले असतात, म्हणून पहिले काही मिलिमीटर दाब अगदी हलका. आधी जड बाजू डोक्यालगत कापली. आतली कापलेली तोंडं एकसारखी करडी, भरीव.

हलक्या बाजूला पातं निम्म्यावर गेलं आणि आवाज बदलला. भरीव बीड कापताना एक सलग खरखर असते. ती मधेच तुटली, पातं क्षणभर मोकळं धावलं, परत लागलं. तुकडा सुटला तेव्हा दांड्याच्या मुळाशी अंगठा जाईल एवढं भोक दिसत होतं, आत काटेरी, काळपट, खोलवर रुंद होत गेलेलं. मी टॉर्च धरला. आमच्या शॉपचे मालक, बाजूच्या लेथवरचा पोरगा, सगळे वाकून बघून गेले. आकडेमोडीने सांगितलेली गोष्ट लोखंडात प्रत्यक्ष उघडी होताना बघण्याचं सुख मला या धंद्यात अजून तितकंच वाटतं.

मग उचल. कडा कानसून घेतल्या, त्याने हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड लावली आणि 49.4 भरलेल्या बाजूचं डोकं धरलं. अर्धा दांडा वजा जाता हे त्याच्या आधीच्या डोक्यापेक्षा हलकंच होतं. ते दोन बोटं वर आलं आणि अंगठ्यातून निसटलं. पुन्हा तेच. त्याला कळेना.

कारण त्या जाड चकचकीत रंगात होतं. चिमटीत वजन पेलतं ते फक्त घर्षण, दोन्ही बाजूंचं. साधारण 22 किलोंच्या डोक्याला घर्षणाचा गुणांक समजा 0.5 असेल तर प्रत्येक बाजूने साधारण 22 किलोंचा दाब पुरतो. गुणांक 0.3 वर आला तर तोच दाब 37 किलोंवर जातो. वजन तेच, काम दीडपटीहून जास्त. डोक्याच्या बाजू वर निमुळत्या असतील तर आणखीच वाढतं, कारण दाबाचा थोडा भाग बोटांना वरच सरकवत राहतो. म्हणून अमुक पौंडांचं डोकं उचललं एवढं सांगून काही कळत नाही. रंग कोणता, बाजू किती तिरप्या, रुंदी किती, हे सगळं त्यासोबत सांगावं लागतं.

मी ओल्या फडक्यावर खरवडणीने अंगठा आणि बोटं टेकतात तेवढ्या जागेचा रंग काढला. खाली ओतकामाची मूळ खरबरीत पाठ निघाली. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा पूड लावली, आणि ते डोकं सरळ मांडीच्या उंचीपर्यंत उचलून धरलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचं मनगट थरथरत होतं, पण डोकं जराही घसरत नव्हतं.

तरी 51.9 चा विषय त्याच्या मनातून गेला नव्हता. मी त्याला कागदावर आणखी एक हिशोब दाखवला. आकार तोच ठेवून डोकं 50 पौंडांचं 60 चं केलं तर वजन 20 टक्के वाढतं, रुंदी मात्र घनमुळाच्या नियमाने फक्त 6 टक्के. 10 सेंटिमीटर रुंदीवर 6 मिलिमीटर. ऐकायला कमी वाटतं, पण ज्याचा हात आधीच पूर्ण उघडलेला आहे त्याच्यासाठी हे 6 मिलिमीटर त्या 10 पौंडांइतकेच जड असतात. त्यामुळे जुन्या जड डोक्यांच्या मागे धावताना आपण दोन गोष्टी एकदम वाढवतो आणि अडलं कुठे ते कळत नाही. ताकद वाढवायची तर रुंदी तीच ठेवून वजन थोडं थोडं वाढवता आलं पाहिजे.

ते करता येण्यासारखं होतं. भरीव डोक्याच्या तळाला, जी बाजू जमिनीवर टेकते तिच्या मधोमध, अर्धा इंची, इंचाला तेरा आट्यांचं भोक पाडलं. त्यासाठी ड्रिल 27/64 इंची. पोलादात आटे बोल्टच्या जाडीएवढे खोल पुरतात. बीड ताणाला कमकुवत, म्हणून मी दुपटीने खोल दिले. त्यात कडीचा बोल्ट, बोल्टला छोटी साखळी, साखळीला छोट्या प्लेटा. डोकं दोन ठोकळ्यांवर ठेवून उचलायचं, म्हणजे साखळी मधल्या जागेत लोंबती राहते. अर्ध्या पौंडाच्या टप्प्यानेही पुढे जाता येतं. त्याने मला विचारलं की पोकळीत शिसं ओतून हलकं डोकं जड करता येईल का. करता येतं, शिशाची घनता 11.3, त्या 100 घन सेंटिमीटरमध्ये किलोभर वजन आरामात मावेल. पण ज्या वस्तूला उघड्या हाताने रोज घासायचं तिच्यात शिसं भरायला मी नकार दिला. ते हलकं डोकं नवशिक्या मित्राला सरावाला उत्तम आहे, तसंच द्या म्हटलं.

दोन्ही कापलेल्या डोक्यांवर पेंट मार्करने खरं वजन, रुंदी आणि तारीख लिहिली. यॉर्कच्या दोन्ही डंबेलांच्या चारही डोक्यांचे आकडे त्याने वहीत उतरवून घेतले आणि जोडी न कापता जुन्या पोत्यात गुंडाळून पिकअपमध्ये ठेवली. वाकलेल्या दांड्याचा एखादा यॉर्क मिळाला तर आधी काट्यावर आणीन म्हणाला. मी त्याला टेकूंचं माप काढून दिलं, म्हणजे विकणाऱ्याच्या अंगणातच बाथरूमचा काटा वापरून दोन्ही बाजू मोजता येतील.